नवऱ्यांची सहल

केशरबाईच्या रांजणात गुलाल पडला त्या दिवसापासून तिनं बबनरावाचं वाईट चिंतायला घेतलं, आणि पुढच्या तीन वर्षांत एकदाही खाडा केला नाही. लोक देवाला फूल वाहतात, ही रोज सकाळी चूल पेटवताना बबनरावाला शिव्या वाहायची. मनातल्या मनात, पण मनापासून.

रांजणात गुलाल कसा पडला, ते आधी ऐका. हिवरखडक हे धारूरच्या डोंगरकडेचं गाव. संक्रांत सरली की विहिरी तळ दाखवतात, आणि होळीपासून टँकर सुरू. मागच्या खेपेला सरपंचपद बाईला राखीव निघालं, तेव्हा सोसायटीचे चेअरमन बबनराव यांनी आपल्या जीपचा ड्रायव्हर शहादेव याच्या बायकोला सरपंच केलं. तीच केशरबाई. केलं म्हणजे काय, तर सहीपुरतं बसवलं. पंचायतीत खुर्चीवर बबनराव, आणि सरपंचबाई दारापाशी सतरंजीवर, डोक्यावरचा पदर सावरत. टँकर यायचा तो थेट बबनरावाच्या मळ्यातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. आधी त्याची मोसंबी प्यायची, मग उरलंसुरलं गाव प्यायचं. वस्तीवर तर थेंब यायचा नाही.

एके दिवशी केशरबाई भर रस्त्यात टँकरपुढं जाऊन उभी राहिली. "मी सरपंच हाय. वस्तीवरल्या आडात टाक," म्हणाली. टँकरवाल्यानं मुकाट्यानं टाकलं. झालं! बबनरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्याच्या आत अविश्वासाचा ठराव आला. मेंबरांना जीपमध्ये कोंबून बबनरावानं त्यांना देवदर्शनाला नेलं, खाऊपिऊ घातलं, आणि मतदानाच्या वेळेला थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवलं. आपल्याकडं ही रीतच आहे. मेंबर फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं. पण ती जीप चालवली कुणी? शहादेवनं! सरपंचबाईच्या सख्ख्या नवऱ्यानं! "मालकानं सांगितल्यावर काय करू?" म्हणे.

सगळे हात वर झाले. संध्याकाळी हलगीच्या ठेक्यावर मिरवणूक निघाली, ती मुद्दाम केशरबाईच्या दारावरून. बबनराव दारात थांबला, रांजणावरचं झाकण काढलं आणि ओंजळभर गुलाल आत सोडला. "घ्या सरपंचबाई, आता रंगीत पाणी प्या!" सगळे खो खो हसले. दुसरा टँकर कधी येईल ते बबनरावालाच ठाऊक. केशरबाईनं ते पाणी पदरानं गाळलं आणि लेकरांना पाजलं. धाकटी पोर दिवसभर ओकत राहिली. तिचं डोकं मांडीवर घेऊन केशरबाई म्हणाली, "ह्याला मी गावासमोर नागवा केल्याबगर मरणार न्हाई." शहादेव कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

मग आला दोन हजार तेराचा दुष्काळ. असा की जनावरं दावणीला बसल्या जागी मान टाकू लागली. सरकारनं चारा छावण्या काढल्या, आणि हिवरखडकची छावणी मिळाली बबनरावाच्या सोसायटीला. दुसऱ्या कुणाला मिळणार होती? गावाबाहेरच्या माळावर हिरव्या जाळीचे मांडव पडले. बैल, गाई, म्हशी तिथं बांधल्या, आणि त्यांच्यामागं माणसं गेली. माणसं कसली, बायाच गेल्या. शेण काढायचं, उसाच्या शेंड्यांची वाढी तोडून घालायची, हौदावर नेऊन पाणी पाजायचं, तिथंच तीन दगडांची चूल मांडून भाकरी टाकायच्या. पुरुष सकाळी एक चक्कर मारायचे, तंबाखू मळायचे आणि गावात पारावर जाऊन दुष्काळावर बोलत बसायचे.

त्याच उन्हाळ्यात पंचायतीची निवडणूक लागली आणि सरपंचपद पुन्हा बाईला राखीव निघालं. यावेळी केशरबाई कुणाला न विचारता उभी राहिली. शहादेव म्हणाला, "माझी नोकरी जाईल गं." ती म्हणाली, "जाऊ दे." वस्तीवरल्या बायांनी तिला निवडून दिलं. शहादेवची नोकरी मात्र गेली नाही. बबनराव हसून म्हणाला, "राहू दे रे तिला. निस्ती मेंबर होऊन काय करणार हाय?"

त्याचं गणित पक्कं होतं. नऊ मेंबर. केशरबाई, तिच्या बाजूची भिवराबाई आणि दोन गडी, असे चार. बबनरावाकडं पाच. त्याची बायको मंजुळाबाई, जिला तो सरपंच करणार होता. त्याचे दोन गडी. आणि रतनबाई अन् छबुबाई. एका मतानं का होईना, पंचायत त्याचीच होती. पण एक मत म्हणजे बारीक दोरी. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी त्यानं शहादेवला जीप काढायला सांगितली. "कोल्हापूर. मेंबर सरपंच निवडतील त्या दिवशी सकाळी परत."

आणि जीपमध्ये बसलं कोण? त्याचे दोन गडी मेंबर, ते ठीक. पण रतनबाई आणि छबुबाईच्या जागी बसले त्यांचे नवरे, आसाराम आणि बंकट! हसू नका. आपल्याकडं कुठल्याही गावात जा, मेंबर बाई असली तरी "मेंबर" म्हणून हाक नवऱ्यालाच पडते. सत्कार त्याचा, फेटा त्याला, फ्लेक्सवर फोटोही त्याचाच मोठा. आणि बायांना नेलं तर छावणीतल्या जनावरांचं कोण करणार? बबनरावाच्या डोक्यात दुसरा विचारही आला नाही. नवरे खिशात आहेत, मग बायका कुठं जातात? शिवाय छावणी त्याचीच, तिथला राखणदार सटवा त्याचाच. रोज संध्याकाळी सटवा जाऊन सांगायचा, कोण कुणाशी बोललं ते.

केशरबाईनं जीप जाताना पाहिली आणि तिला हसूच आवरेना. वैरण घालता घालता ती एकटीच हसत होती. भिवराबाई घाबरली. "काय झालं माय, उन्ह लागलं का?"

"आगं, शेळी दावणीलाच ठिवली आन दावं पळवून नेलं त्या येड्यानं!"

पण एकदम जाऊन मत मागण्याइतकी ती भोळी नव्हती. रतनबाईबद्दल तर तिच्या मनात जुनीच अढी होती; मागच्या पंचायतीतही ती मेंबर होती, आणि अविश्वासाला वर गेलेल्या हातांत तिचाही हात होता. त्या दिवसापासून रतनबाई तिची नजर चुकवायची. आता दोघींच्या दावणी शेजारी शेजारी आल्या होत्या. नजर चुकवायची म्हटलं तरी कुठवर चुकवणार?

केशरबाईनं सुरुवात छबुबाईपासून केली. छबुबाई वयानं लहान, तोंडानं फटकळ. मोठ्या बैलाचा पाय लागून तिचा अंगठा सुजला होता, आणि तशीच लंगडत ती पाण्याच्या बादल्या वाहत होती. केशरबाईनं एक बादली तिच्या हातातून घेतली.

"बंकट कुठाय?"

"कोल्हापूरला. ठाऊक असून कावून इचारता?"

"काय करायलाय तिथं?"

"मला काय ठाऊक? मटण खात असंल."

"खाऊ दे की. मत तुझं, मटण त्याचं. वाटणी झाली." एवढंच म्हणून केशरबाई निघून गेली. उरलेलं काम आता मटणच करणार होतं.

आणि केलंच! दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाईचा फोन वाजला. शहादेवच्या फोनवरून बंकट बोलत होता. आवाज जड झालेला. आधी बैलांची चौकशी केली, अंगठ्याची नाही. मग तांबडा रस्सा कसा, पांढरा कसा, लॉजवर पंखा कसा गरागरा फिरतोय, ते सगळं वर्णन झालं. आजूबाजूच्या चार बाया कान देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाला, "आन हे बघ, शनिवारी लुगडं नेसून ये फकस्त. मतदान मी करणार हाय. मेंबर मी हाय."

"मंग मी कोण हाय?" छबुबाईनं विचारलं.

"तू माझी बायको हायेस. बैलाला पेंड घातलीस का?"

छबुबाईनं फोन बंद केला आणि बैलापुढचं घमेलं असं काही लाथाडलं की सुजलेल्या अंगठ्यातून कळ मस्तकात गेली. ती तिथंच शेणात बसली आणि रडायला लागली. रागानं रडत होती. "मेंबर मी हाय म्हणतो! माझा फोटो, माझं नाव, माझ्या आईबापाला शिव्या घालून फिरायला लावलं मला घरोघर... आन मेंबर हा!"

केशरबाई तिच्याजवळ गेली नाही. लांबूनच पाहत राहिली. जवळ गेली ती रतनबाई. तिनं छबुबाईच्या अंगठ्याला हळद लावली, आणि मग कधी नव्हे ते स्वतःहून केशरबाईकडं वळली.

"केशरे, मागच्या टायमाला मला हात वर कर म्हणाले, मी केला. कशाचा हात हाय ते बी ठाऊक न्हवतं मला. घरी आल्यावर आसाराम म्हणाला, केशरला पाडलं आपण. तवा कळलं मला."

"आन मंग तीन वर्सं थोबाड फिरवून बसलीस."

"बसले. लाज वाटायची."

केशरबाईच्या जिभेवर खूप काही आलं होतं. तिला रतनबाईच्या तोंडात मारावीशीही वाटत होती. पण सूड ज्याच्यावर घ्यायचा तो मोठा होता, आणि मोठ्या सुडासाठी लहान गिळावा लागतो. तिनं गिळला. "हात वर करायचाच न्हाई यंदा," ती म्हणाली. "मी चिठ्ठीवर मतदान मागणार हाय. एका मेंबरनं मागितलं तरी द्यावंच लागतं. कुणी कुणाला दिलं, कुणाला कळत न्हाई. तुमच्या नवऱ्यांना बी न्हाई."

तिघींचं तिथंच ठरलं. आणि मग सटवासाठी त्यांनी असा तमाशा उभा केला की विचारू नका. वाढ्याच्या मोळीवरून केशरबाई आणि रतनबाई एकमेकींच्या झिंज्या धरायला धावल्या. "शेणखाऊ! पडलेली सरपंच!" असं रतनबाई ओरडली, आणि केशरबाईनं तिच्या खानदानाचा उद्धार केला. सटवानं धावत जाऊन बबनरावाला बातमी दिली. बबनराव निर्धास्त झाला आणि त्यानं फेटेवाल्याला सांगावा धाडला.

मंजुळाबाईला विचारायचा प्रश्नच नव्हता. ती चेअरमनची बायको, सोन्यानं मढलेली, छावणीत कधी पाय न टाकलेली. केशरबाई तिचाही तितकाच राग करायची. उद्या हरल्यावर तिचं तोंड कसं होईल, याचंही ती मनात चित्र रंगवायची.

शनिवार उजाडला. धारूरहून अधिकारी आले, सोबत एक पोलीस. पंचायतीपुढं हलगीवाले, गुलालाची पोती, फेटे, सगळं सज्ज. जीप आली. आसाराम आणि बंकट उतरले, डोळ्यांवर काळे चष्मे, पायांत करकरणाऱ्या नव्या चपला, पोटं सुटलेली. शहादेव स्टेअरिंगवरच बसून राहिला. बायकोकडं पाहायची त्याला हिंमत नव्हती.

सगळे आत गेले. आसाराम रतनबाईच्या खुर्चीवर बसला आणि रतनबाई त्याच्यामागं उभी राहिली. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण सदस्य का?"

"मी मेंबरचा मालक," आसाराम म्हणाला.

"साहेब," केशरबाई उठली, "मेंबर सोडून बाकीच्यांना भाईर काढा. न्हाईतर मी कलेक्टरकडं जाईन. आन मतदान चिठ्ठीवर पाहिजे."

बबनराव खुर्चीत रेलून बसला होता. तो हसला. "साहेब, आमच्या गावात असलं काही नसतं. आमी सगळे घरचेच हाव."

"घरचे असाल, पण सदस्य आहात का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांचाही उन्हानं पारा चढलेला. पोलिसानं दार दाखवलं. बबनरावाला त्या दारातून कुणी बाहेर काढल्याचं गावानं आजवर पाहिलं नव्हतं. तो, आसाराम, बंकट, तिघंही उन्हात जाऊन उभे राहिले. केशरबाईला वाटलं, आता मी मेले तरी चालेल. पण लगेच तिनं तो विचार झटकला, मरून कसं चालेल, खरा खेळ तर पुढंच आहे!

आत मंजुळाबाईनं नाव लावलं, केशरबाईनं नाव लावलं. चिठ्ठ्या वाटल्या. एकेकजण कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन खूण करून आलं. मंजुळाबाई जाऊन आली आणि जागेवर बसून बांगड्या मागंपुढं करत राहिली. केशरबाई बोटांवर मतं मोजायला लागली. सहा आली पाहिजेत. रतननं ऐन वेळी पाय मागं घेतला तर? छबूनं घाबरून चुकीच्या जागी खूण केली तर?

अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या उलगडल्या, मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग दार उघडायला लावून उंबऱ्यातूनच मोठ्यानं वाचलं, "केशरबाई शहादेव, सात. मंजुळाबाई बबनराव, दोन. केशरबाई सरपंच म्हणून निवडून आल्या."

हलगीवाल्यानं सवयीनं एक थाप मारली आणि बबनरावाचं तोंड पाहून हात आवरला. आणि केशरबाई? तिला आनंदाआधी कोडं पडलं. सात? तिनं तर सहाच धरली होती.

पण ती थांबली नाही. उंबऱ्यावर येऊन तिनं ग्रामसेवकाला सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून टँकर वस्तीवर आन छावणीवर. चेअरमनच्या मळ्यात एक घागर बी जाणार न्हाई. मोसंबी वाळू द्या." शेवटचे तीन शब्द तिनं बबनरावाच्या डोळ्यांत पाहून, चावून चावून म्हटले. तीन वर्षांत तिला एवढी गोड चव कशाचीच लागली नव्हती.

"तीन फुटले!" बबनराव गरजला. "कोण बे? कुणी खाल्लं माझं मीठ?" त्याचे दोन गडी पुढं धावले. "बेलभंडारा उचलतो मालक, तुमालाच दिलंय!" दोघंही रडकुंडीला आले होते. मग त्याची नजर रतनबाई-छबुबाईकडं वळली, आणि ते पाहताच बंकट चवताळला. काळा चष्मा फेकून, हात उगारून तो छबुबाईवर धावला. "तूच! तूच नाक कापलंस माझं, रांडे!"

मधे कोण आलं? केशरबाई निघालीच होती, पण तिच्या आधी मंजुळाबाई आली. नव्या कोऱ्या लुगड्यात, अंगभर दागिन्यांत. तिनं बंकटचा हात हवेतच धरला.

"तिला कावून मारतोस? मी दिलंय केशरला."

बबनराव आधी हसला. खरंच हसला. "तू? आगं, उभी तू व्हतीस! सोताला सोडून?"

"व्हय. सोताला सोडून."

"मी बी दिलं," छबुबाई मागून ओरडली. "मी बी," रतनबाई म्हणाली, आणि तिनं आसारामकडं असं पाहिलं की तो पोलिसाच्या मागं सरकला. पण त्यांच्याकडं आता कुणाचं लक्षच नव्हतं. गाव मंजुळाबाईकडं पाहत होतं. कुणी तिचा आवाजही नीट ऐकला नव्हता आजवर.

"मला इचारलं का कुणी, सरपंच व्हायचं का म्हणून?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "फारम पुढं टाकला, म्हणाला सही कर. लुगडं आणलं, म्हणाला नेस. केशरला कसं बसवलं आन कसं उठवलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. घरात तीस वर्सं तुमी म्हणाल तवा बसले, तुमी म्हणाल तवा उठले. आता चावडीवर बी तेच करायचं? मला जमणार न्हाई."

बबनरावाचा चेहरा राखेसारखा झाला. हात वर गेला, पोलीस दोन पावलं पुढं आला, हात खाली आला. मिरवणुकीला आलेले शेजारच्या गावांचे पुढारी जीपला टेकून उभे होते, ते दुसरीकडं पाहू लागले. त्यातल्या एकाला हसू आवरलं नाही. बाहेरची माणसं फुटणं बबनरावाला नवं नव्हतं, ती विकत घेता येतात, धमकावता येतात. याचं काय करायचं, ते त्याला सुचेना. तो कसाबसा म्हणाला, "घरी चल."

"तुमी व्हा म्होरं," मंजुळाबाई म्हणाली. "सरपंचबाईनं बैठक लावलीय. मी मेंबर हाय."

केशरबाईनं बैठक वगैरे काही लावलेली नव्हती. पण ती पटकन म्हणाली, "व्हय, लावलीय. चला सगळ्या आत." तिला आनंद तर झालाच होता, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटत होता. तीन वर्षं तिनं बबनरावासाठी नाना शाप शोधले होते, पण एवढा जिव्हारी लागणारा तिला एकदाही सुचला नव्हता.

बबनराव एकटाच जीपकडं गेला. शहादेवनं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि खाली उतरला. आत केशरबाईनं आपल्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची ओढली आणि मंजुळाबाईला म्हणाली, "बसा, वैनी." मंजुळाबाई बसली आणि मग बांगड्या सावरत ढसाढसा रडायला लागली. केशरबाईनं तिला रडू दिलं आणि ग्रामसेवकाला सांगितलं, दार लावून घ्या.